रिकामा रकाना

पहाटे ५:१०

औंढा नागनाथच्या अलीकडे, हिंगोली रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथे पत्र्याची एक खोली. तो उठलाय; आज दिवसभर मी त्याच्यासोबत. दात घासायच्या आधी लॅपटॉप चार्जिंगला लावतो. सहाच्या सुमाराला लाईट जाते, कधी साडेसहाला. लॅपटॉप जुना, नांदेडहून सोळा हजारांत घेतलेला. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते. नवी अडीच हजारांना पडते.

"हंगाम झाला की घेऊ," तो म्हणतो.

मे महिना आहे आणि हंगाम हळदीचा. नऊ महिने रानात, मग कढईत शिजून, उन्हात वाळून, ढोलात पॉलिश होऊन सेलम जातीची हळद आता बाजारात येते. ती विकली गेली की आडत्याकडे पैसा येतो, आणि आडत्याकडे आला की याच्याकडे. हा हळद पिकवत नाही. आडत दुकानांसाठी संगणकाचे छोटे प्रोग्राम लिहितो. गिऱ्हाइकं पाच: तीन आडत दुकानं, एक खत-बियाण्यांचं दुकान, एक पिठाची गिरणी. वय चोवीस. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. तो जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा.

५:३०

रात्री नऊला एका आडत दुकानाच्या शेठचा फोन आला होता. "अरे, जुनी पट्टी उघडली की रकाने रिकामे दिसतात. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघतो. काय सांगू त्याला?"

पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद. माल किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती. शेठला त्यानं सांगितलं, तीच पट्टी छापून बघा. छापली. आकडे बरोबर आले. म्हणजे फाईल शाबूत होती, पडद्यावरचा रकानाच तेवढा कोरा. तेवढ्यावर तो झोपला. मला वाटतं, या धंद्यात झोप लागण्यापुरती तपासणी येणं हेही एक कौशल्य आहे.

आता तो मोठा प्रोग्राम उघडत नाही. कोरी फाईल घेतो. नऊ ओळी लिहितो. एक खिडकी, तिच्यात एक रकाना, रकान्यामागे एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची आतली जागा. त्यात टाकतो १२.४०. चालवतो. खिडकी येते. रकाना कोरा.

"सापडला," तो म्हणतो. मला काहीच सापडलेलं नसतं.

मग तो चहा ठेवतो आणि समजावतो. पडद्यावर दिसते ती पांढरी चौकट, तिला हे लोक एन्ट्री म्हणतात. शेठ आणि मुनीम रकानाच म्हणतात, आणि तो शब्द जास्त बरा आहे. रकान्यात बोटांनी टाइप केलेलं अक्षर असतं. हिशोब मात्र आत, व्हेरिएबलवर होतो. दोघांना एकमेकांना बांधावं लागतं. पायथॉन या संगणकाच्या भाषेत खिडक्या करायचं जे फुकट साधन येतं, टीकिंटर, त्यात हे बांधायला एक शब्द आहे: टेक्स्टव्हेरिएबल. एकदा बांधलं की रकान्यात लिहिलं ते आत पोचतं, आणि आत बदललं ते रकान्यात दिसतं. दोन्ही बाजूंनी.

पण गाठ पायथॉनच्या घरात नसते. खिडक्या काढणारं टीके हे दुसऱ्याच भाषेचं अपत्य. जॉन ऑस्टरहाउट या प्राध्यापकानं बर्कलेच्या विद्यापीठात १९८८ च्या सुमारास टीसीएल नावाची भाषा काढली, मागून टीके आलं. पायथॉन नुसता निरोप्या. खरी गाठ टीसीएलच्या घरात बसते, तिथे तिचं नाव पीवाय-व्हार-शून्य, पीवाय-व्हार-एक असं काहीतरी असतं. पायथॉनकडे असते ती फक्त मूठ. तिला स्ट्रिंगव्हार म्हणतात.

"अन् पायथॉन मोजत बसतो," तो म्हणतो. "या वस्तूला किती जणांनी धरलंय. शून्य झालं की टाकून देतो. मूठ जाता जाता गाठही सोडून जाते."

जुनी पट्टी उघडायचं काम एका फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यात होतं. त्यात व्हेरिएबल तयार झालं, रकान्याला बांधलं गेलं, फंक्शन संपलं. धरणारं कोणी उरलं नाही. पायथॉननं टाकून दिलं.

मी विचारतो, मग आठ महिने कसं चाललं?

तो हसतो. आठ महिने साधा रकाना होता, करड्या कडांचा. त्याच्यामागचं व्हेरिएबल कोणी पुसलं तर तो स्वतःजवळचा मजकूर घेऊन ते पुन्हा उभं करतो. आतली चूक बाहेर दिसायची नाही. गेल्या आठवड्यात शेठ म्हणाले, जरा चांगलं दिसू दे. म्हणून त्यानं नव्या धाटणीचे रकाने बसवले, टीटीकेचे. ते दिसतात देखणे. पण मागचं व्हेरिएबल गेलं की तेही कोरे होतात.

जुन्या मुनिमासारखं झालं हे. तो होता तोवर मालकाच्या चुका तोच निस्तरायचा, कोणाला कळायचं नाही.

६:०५

लाईट गेली. बॅटरीवर चाळीस मिनिटं.

दुरुस्ती लहान आहे. प्रत्येक व्हेरिएबलच्या आधी सेल्फ आणि एक टिंब. म्हणजे ते फंक्शनचं न राहता खिडकीचं होतं; खिडकी आहे तोवर तिच्या हातात राहतं. रकाने सात: नाव, गाव, कट्टे, भाव, वजन, हमाली, तोलाई. सात ओळी बदलल्या. मग सगळं बांधून एकच चालणारी फाईल करायची, कारण दुकानातल्या संगणकावर पायथॉन नाही आणि तो तिथे टाकायची याची तयारी नाही. पंखा नाही, पण लॅपटॉपचा पंखा घरघरतो. दोनेक मिनिटं लागतात. बॅटरी पंचवीसवर येते. फाईल पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह गळ्यातल्या दोरीला.

७:४०

दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. आई डबा बांधून देते. "दुपारी खा बाबा, चहावर राहू नको." मोटारसायकल वडिलांची. रस्त्यावर दीडशेचं पेट्रोल. लॅपटॉपची पिशवी मी मागे बसून मांडीवर धरतो.

वाटेत तो हात करून सांगतो, लिगो ही वेधशाळा याच तालुक्यात व्हायलीय. दुधाळ्याच्या शिवारात. दोन नळ्या, काटकोनात, एकेक चार किलोमीटरची. आकाशातली गुरुत्वलहर गेली की नळीच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही बारीक फरक पडतो, तो मोजायचा. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. लिगोचे शास्त्रज्ञ आकडे चाळायला पायथॉन वापरतात.

"आमची भाषा एकच," तो म्हणतो. थोडं पुढे गेल्यावर आणखी एक वाक्य येतं, वाऱ्यात अर्धं उडालेलं. "माझे तीन हजार यायचेत."

शेठचा प्रोग्राम अठरा हजारांना ठरला होता. दिवाळीला दहा आले, पाडव्याला पाच.

९:००

हिंगोली. संत नामदेव हळद मार्केट. संत नामदेवांचं नर्सी नामदेव इथून जवळच. बाजाराला नाव त्यामुळे. फाटकाबाहेर ट्रॅक्टर, पिकअप, एखादा टेम्पो. आत हळदीचे ढीग. लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा. पायाखाली पिवळी पूड. हमालांचे पंजे पिवळे, पापण्या पिवळ्या. थोड्या वेळानं माझ्या वहीची कड पण पिवळी झाली.

सौदा सुरू आहे. ढिगाभोवती खरेदीदार. कांडी मोडून बघतात. आतला रंग बघतात, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकतात. आधी भाव ठरतो, मग वजन होतं. हा क्रम त्याच्या प्रोग्राममध्ये महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी त्यानं वजनाचा रकाना वर ठेवला होता. मुनिमानं आठवडाभर सहन केलं आणि मग एवढंच म्हटलं, "बाजार उलटा चालतोय का?" त्यानं त्याच रात्री रकाने बदलले.

९:४०

आडत दुकान म्हणजे एक गाळा. गादी, तक्क्या, देवाचा फोटो, कूलर, संगणक. संगणकाचा पडदा गिऱ्हाइकाकडे तोंड करून. हे शेठनी स्वतः केलं. मुनीम तिरका बसून टाइप करतो, शेतकरी समोरून बघतो.

पेनड्राइव्ह लावला. अँटीव्हायरस ओरडला. तो नेहमीच ओरडतो. ओळख नसलेली फाईल त्याला चोरासारखी वाटते. दोन वेळा 'परवानगी द्या' दाबलं. जुनी फाईल बाजूला, नवी जागेवर. कालचीच पट्टी उघडली.

सातही रकाने भरलेले.

शेठनी मान हलवली. "चहा सांग रे तिघांना." तीस रुपये शेठच्या खात्यावर. दुरुस्तीचे पैसे नाहीत. चूक त्याचीच होती, त्यामुळे त्याला मागताही येत नाही.

१०:५०

पंचवीस कट्ट्यांचा माल. काट्यावर पाच-पाच कट्टे चढतात. मापाडी आकडा ओरडतो, मुनीम आधी वहीत लिहितो. वही सुटलेली नाही. सुटणारही नाही. बेरीज झाली: बारा क्विंटल चाळीस किलो.

भावाच्या रकान्यात १३,२०० आधीच आहे. मुनीम वजन टाइप करतो. एक बोट, सावकाश.

एक दाबला. खाली एकूण रकमेत आलं १३,२००.

दोन दाबला. १,५८,४००.

टिंब. काही नाही.

चार. १,६३,६८०.

शून्य. तेच.

समोर बसलेले पांढऱ्या टोपीचे मामा रक्कम चढताना बघत होते. "अजून एक दाब की," ते म्हणाले. गाळा हसला. मुनीमसुद्धा.

हे आपोआप होणं म्हणजे ट्रेस. व्हेरिएबलवर पहारा बसवलेला असतो. आत काही लिहिलं गेलं की तो एका फंक्शनला हाक मारतो. प्रत्येक कळीला एक हाक. पाच कळा, पाच गुणाकार. दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये शेवटी 'हिशोब करा' असं बटण असतं. त्यानंही आधी तेच ठेवलं होतं. शेठनी काढायला लावलं. बटण दाबेपर्यंत जुनी रक्कम नव्या वजनाखाली तशीच उभी राहायची, आणि घाईत एखाद्यानं बटण न दाबताच कागद काढला तर? एकदा निघालाही होता. तेव्हाचे फरकाचे पैसे शेठनी भरले. याच्याकडून कापले नाहीत, पण त्यानंतर दोन महिने त्याचा हप्ता लांबला.

११:३०

मुनिमानं भाव चुकीचा टाकला. खोडायला लागला. मागची कळ दाबत दाबत रकाना पूर्ण रिकामा केला.

मी याच्याकडे बघतो. हा पडद्याकडे बघतो. काही झालं नाही. रकमेत शून्य आलं, नवा भाव टाकल्यावर रक्कम आली.

"पहिल्या वेळी इथंच मेलो होतो," तो हळूच सांगतो.

पुस्तकात सांगतात, आकडा असेल तर डबलव्हार घ्या. त्यानं घेतलं. पण माणूस आकडा खोडतो तेव्हा मधल्या क्षणी रकान्यात काहीच नसतं. 'काहीच नाही' हा डबलव्हारच्या लेखी आकडा नव्हे. ते इंग्रजीत तक्रार करतं आणि हिशोब तिथंच अडकतो. म्हणून आता सगळीकडे स्ट्रिंगव्हार. रकान्यात काय आहे ते आधी मजकूर म्हणून घ्यायचं. रिकामं असेल तर शून्य धरायचं, नुसतं टिंब असेल तरी शून्य. मग आकडा करायचा.

याचा एक फायदा त्याला नंतर कळला. मुनीम कधी मराठी आकड्यांचा कळफलक चालू ठेवतो आणि १२.४० असं देवनागरीत टाकतो. डबलव्हार ते घेत नाही. त्याच्या घरी फक्त इंग्रजी आकडे चालतात. पण पायथॉनचं स्वतःचं आकडा करणारं फंक्शन देवनागरी अंक सरळ वाचतं. वेगळं काही लिहावं लागत नाही. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. मुनिमानं टाकलं, रक्कम बरोबर आली, आणि तो दहा मिनिटं विचार करत बसला होता की का आली.

दुपारी १२:२०

भांडण. मोठं नाही.

एक हमाल दारात उभा. गळ्यात गमछा, पाठीवर घामाचा आणि हळदीचा मिळून नकाशा. हमाली कट्ट्यामागे मिळते, टोळीचा हिशोब संध्याकाळी. तो पडद्याकडे बोट करतो.

"पंचवीस न्हाई. सव्वीस उचलले."

मुनीम म्हणतो, माल पंचवीस कट्ट्यांचाच.

"एक फाटला. दुसऱ्यात भरला. परत उचलला. पाठीला काय कळतंय फाटका अन् धड?"

शेठ मान वर करतात. दोन सेकंद जातात. "कर सव्वीस."

मुनीम कट्ट्यांच्या रकान्यात पाच खोडून सहा करतो. बाजूच्या हमालीच्या रकान्यात आकडा आपोआप वाढतो. हमाल बघतो. तो वाढलेला आकडा ओठातल्या ओठात वाचतो, मग जातो. पण वाढलेली हमाली पट्टीतून, म्हणजे टोपीवाल्या मामांच्या पैशांतून कापली गेली. मामांनीही ते बघितलं. बारदान माझंच फाटकं होतं, म्हणाले.

शेठ याला विचारतात, काट्याची वायर थेट संगणकाला जोडता येईल का? वजन टाइपच करायला नको.

"येईल. चार हजार होतील."

"पुढच्या हंगामात बघू."

मापाडी काट्यापाशी उभा आहे. त्यानं ऐकलंय. "मग म्या काय करू, नुसता उभा राहू?" कोणी उत्तर दिलं नाही. पुढचे पाच कट्टे काट्यावर आले.

१:४५

ऊन. गाळ्यामागे सावलीत डबा. भाकरी कडक झालीय. ठेच्यानं डोळ्यात पाणी. पाण्याची बाटली वीस रुपये. शेठनी जाताना एक हजार हातावर ठेवले. तीन हजारांतले. राहिले दोन.

३:१०

खत-बियाण्यांचं दुकान. इथलं काम कंटाळवाणं. एकदा एका खिडकीतून दुसरी उघडली की दुसरीतले रकाने बांधलेलेच नसायचे. कारण साधं: त्यानं दुसरी खिडकी काढताना पुन्हा एक नवं टीके उभं केलं होतं. दोन घरं झाली. गाठ पहिल्या घरात, रकाना दुसऱ्या घरात. एका प्रोग्रामला घर एकच. बाकी खिडक्या त्याच्याच पोटखिडक्या. दुरुस्ती अर्ध्या तासाची. दुकानदार गिऱ्हाइकात होता, म्हणून दीड तास बसून राहिलो. कीबोर्डची एन्टर कळ अडकत होती. नवा कीबोर्ड साडेतीनशेला आणून बसवला. त्यातले पन्नास याचे.

संध्याकाळी ६:००

गावात परत. खोलीत चार पोरं. महिना पाचशे रुपये प्रत्येकी. सगळी बारावी झालेली. दोघांचे बाप आज बाजारात होते.

आजचा धडा रकाना आणि व्हेरिएबल. तो खडूनं भिंतीवर दोन चौकोन काढतो, मधे दोरी. गेट म्हणजे आतलं विचारणं, सेट म्हणजे आत टाकणं. पोरं टाइप करतात. एकाचा रकाना कोरा. हा बघतो, हसतो, सांगत नाही. "सापडव."

एक मुलगी हात वर करते. "सर, रकान्यात एक अन् व्हेरिएबलमध्ये एक असं झालं, तर खरं कोणचं?"

तो थांबतो. खडू हातात फिरवतो.

"बांधलेलं असलं तर असं होतच नाही. जो शेवटी लिहितो त्याचं दोघांत जातं."

"अन् दोघं एकदम लिहायले तर?"

"कोणीतरी मागून लिहितंच."

तिचं समाधान झालेलं नाही. तिनं वहीत प्रश्नचिन्ह काढलंय, मी बघितलं.

रात्री ९:३०

दिवसाचा हिशोब तो वहीत लिहितो. कागदी वहीत, रेघा मारून. पेट्रोल दीडशे. पाणी वीस. मोबाइलचा रिचार्ज आजच संपला, तो दोनशे नव्याण्णव. आले: शेठकडून हजार, कीबोर्डचे पन्नास. मी विचारतो, स्वतःसाठी एक प्रोग्राम का नाही?

"मला कोणाला दाखवायचंय?"

१०:१५

फोन. शेठ.

"रकाने भरलेले दिसले दिवसभर. झकास. पण अक्षर बारीक आहे रे. सकाळी एक म्हातारा पडद्याला नाक लावून बघत होता."

"उद्या करतो."

"उद्या सौदा लवकर आहे. सात वाजता."

लाईट गेलेली. तो कंदिलासारखा मोबाइल भिंतीला टेकवतो आणि लॅपटॉप उघडतो. बॅटरी अडतीस मिनिटं दाखवते. अक्षर दहावरून सोळावर न्यायचं. एक ओळ. मग रकाने खिडकीबाहेर जातात का ते बघायचं.

जातात. हमालीचा अर्धा रकाना पडद्याबाहेर.

तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. बॅटरी, तेहतीस.